नदीतला ठिपका: पुणे ते पुणे, व्हाया वाई, भिलार, सातारा

निघण्याआधी

माझ्या नावावर आजमितीला अकरा डोमेन, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, आहेत आणि त्यांतली आठ उघडली तर काहीही दिसत नाही. दिवसा मी एका कंपनीसाठी फॉर्म बनवतो, लोक ज्यांच्यावर वैतागतात तसले. रात्री जेवणं उरकली की 'आपलं काहीतरी'. सोसायटीत टँकर कधी येणार हे सांगणारं एक पान केलं होतं. सेक्रेटरींनी तिसऱ्या दिवसापासून माहिती भरणं सोडून दिलं. मोडी शिकवणारं एक केलं, त्यात 'क' आणि 'ख' इतकंच शिकता येतं. जगलं ते एकच: 'उपवासाला चालतं का'. पदार्थाचं नाव टाका, हो किंवा नाही एवढंच उत्तर मिळतं. कोथिंबिरीवरून अजून भांडणाच्या मेल येतात. आषाढीच्या आदल्या रात्री या पानावर जेवढी माणसं येतात, तेवढी बाकीच्या दहांवर मिळून जन्मात आली नसतील.

बारावा प्रकल्प सायकलचा. आई पुरंदर तालुक्यातल्या ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, तिथे आता दोन शिक्षक, त्रेचाळीस मुलं आणि पुस्तकांचं एक लोखंडी कपाट आहे. कपाटाला कुलूप, कारण आतल्या पुस्तकांची पानं हातात येतात. मी तिथल्या बाईंना फोन करून सांगितलं की आम्ही चार दिवस सायकल चालवून पुस्तकांसाठी पैसे जमवतो. बाई म्हणाल्या, "सायकल कशाला, टेम्पो घेऊन या की!"

तरी मी पान बनवलंच. किलोमीटरमागे किती रुपये देणार ते लोकांनी लिहायचं, नकाशावर आमचा ठिपका हलणार, बाजूला रक्कम वाढत जाणार. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच शहाणपणाने केली. पैसे माझ्या खात्यात नकोत. शिक्षण हक्क कायद्यामुळे शाळेला व्यवस्थापन समिती असते, तिचं बँकेत खातं असतं. त्या खात्याचा क्यूआर कोड पानावर लावला. ८०जी ची, म्हणजे करसवलतीची, पावती मिळणार नाही हे कळल्यावर ऑफिसातले दोघे गळाले. अमेरिकन नागरिक झालेल्या चुलतभावाला नाही म्हणावं लागलं, कारण परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि ती या शाळेकडे कुठून असणार? मग त्याच्या वडिलांनी कोथरूडहून आपल्या पेन्शनमधून दिले आणि वर त्याला फोन करून सुनावलंही.

आम्ही तिघं. मी, मावसभाऊ (वय बावीस, चढाला बोलू शकतो), आणि शेजारचे काका, एसटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त, वय त्रेसष्ट. काकांच्या सायकलवर वायरचा जुना मीटर आहे: स्पोकला चुंबक, फोर्कला सेन्सर, चाकाचे फेरे मोजायचे आणि घेराने गुणायचं. घेर त्यांनी पार्किंगमध्ये खडूने खुणा करून मोजलेला.

दिवस पहिला, मंगळवार: पुणे ते वाई

सकाळी साडेपाचला बुधवार पेठेत जमलो, भिडेवाड्याच्या जागेसमोर. १८४८ मध्ये फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती इथे. वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला, आता तिथे स्मारक व्हायचंय. काळोखात पत्र्यापुढे उभं राहून फोटो काढला. त्यात आम्ही तिघं कुठल्यातरी बांधकामावरचे मुकादम दिसतो. समोर दगडूशेठला हात जोडले आणि निघालो.

स्वारगेट ते कात्रज हा रस्ता दिवसा सायकलने करायचा म्हणजे शिक्षा आहे, पहाटे बरा. नव्या बोगद्याच्या वाटेला न जाता जुन्या घाटाने चढलो. चढ फार नाही, पण पहिल्याच तासात येतो म्हणून लागतो. जुन्या बोगद्यापाशी थांबून मी ऐटीत फोन काढला, ठिपका कुठवर आलाय ते बघायला.

ठिपका स्वारगेटला होता.

हे मला ठाऊक असायला हवं होतं, पोटापाण्याचा धंदाच आहे माझा. स्क्रीन बंद करून फोन खिशात टाकला की मोबाइलचा ब्राउझर पानाला झोपवतो, मग लोकेशन कोण घेणार? घरी तपासताना फोन टेबलावर, स्क्रीन चालू. स्क्रीन जागी ठेवायची सोय ब्राउझरमध्ये असते, ती तिथेच उभं राहून जोडली, फोन हँडलवर बांधला, आणि बॅटरी पुरावी म्हणून दर पाच मिनिटांनी एकदाच जागा टिपायची असं ठरवलं. त्या पाच मिनिटांनी पुढे काय केलं ते येईलच. काका तेवढ्यात शिंदेवाडीच्या उताराला लागले होते.

खेड शिवापूरला पोहे, कापूरहोळला पुन्हा चहा. सारोळ्याचा पूल ओलांडला की नीरा मागे पडते आणि सातारा जिल्हा सुरू होतो. हायवेवर सायकल चालवणं म्हणजे पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे, ट्रकने फेकलेल्या टायरच्या तारा चुकवत जाणं. एक तार चुकली नाही. मावसभावाचं मागचं चाक शिरवळच्या अलीकडे बसलं. तार टायरमध्ये केसाएवढी, नखाने चाचपडून सापडेपर्यंत वीस मिनिटं गेली. (ती न काढता नवी ट्यूब घालणारे लोक मी पाहिलेत. त्यांतला एक मीच.)

शिरवळनंतर हायवे सोडून आत नायगावला गेलो. सावित्रीबाईंचा जन्म इथला, ३ जानेवारी १८३१ चा. ३ जानेवारीला इथे पाय ठेवायला जागा नसते, आम्ही गेलो त्या मंगळवारी आमच्याखेरीज एक सहल होती तेवढीच. घर नीट जपलंय, शेजारी स्मारक. सहलीतल्या पोरींना आमच्या हेल्मेटमध्ये जास्त रस होता. काका चपला काढून आत गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मग म्हणाले, "पुण्याहून इथवर आपल्याला गिअर असून सहा तास लागले. नऊ वर्षांची पोर इथून लग्न होऊन गेली, तिला किती लागले असतील?" त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, सायकली वळवल्या.

खंबाटकी दुपारी दोनच्या उन्हात. साताऱ्याकडे जाणाऱ्यांना घाट आणि पुण्याकडे येणाऱ्यांना बोगदा, अशी तेव्हा वाटणी होती, म्हणजे समोरून गाडी येत नव्हती; पण मागून येणारे दोन्ही लेन आपल्याच समजतात. खामजाईच्या देवळापाशी टेकलो. ट्रकवाल्यांसाठी नारळ आणि आमच्यासाठी पाणी. मग सुरूर फाटा, हायवे सोडायचा आणि वडांच्या सावलीतून वाईत शिरायचं. दिवसाचा शेवट असा उतरत्या सावलीत व्हावा, बाकी काय पाहिजे!

वाईत संध्याकाळी ढोल्या गणपतीच्या घाटावर बसलो. देऊळ रास्त्यांचं, १७६२ चं. मला मात्र इथे दुसऱ्याच देवस्थानाचं कौतुक आहे. मराठी विश्वकोशाचं काम या गावातून चालत आलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक. पहिला खंड १९७६ चा. वीस खंड पुरे व्हायला दशकं गेली, संपादक बदलले, छपाईची तऱ्हा बदलली, पुढे सगळं युनिकोडमध्ये वेबवर आलं. आम्ही पोचलो तोवर कचेरी बंद झाली होती. मी बाहेरूनच पाहिलं आणि 'क', 'ख' आठवून मुकाट्याने परत फिरलो.

काकांचा मीटर: १०२.

दिवस दुसरा, बुधवार: वाई ते भिलार

पहाटे सव्वापाचला मावशीचा फोन.

"तू रात्री दोन वाजता नदीत काय करत होतास?"

"कोण?"

"तू! आणि माझा मुलगा कुठाय? मला झोप नाही रात्रभर. ठिपका नदीत, मग देवळात, मग पुन्हा नदीत!"

लॉजच्या भिंती दगडी, हात-हातभर जाड. अशा ठिकाणी फोनला उपग्रह नीट दिसत नाहीत, मग तो आजूबाजूच्या खुणांवरून अंदाज बांधतो आणि अंदाज दर वेळी वेगळा. मी चार्जिंगला लावलेला फोन रात्रभर जागा होता, दर पाच मिनिटांनी कृष्णेत उडी मारून परत येत होता. पानाच्या हिशेबी आम्ही झोपेत साडेसहा किलोमीटर सायकल चालवली होती. एका देणगीदाराने तर 'कमाल जिद्द!' असा निरोपही ठेवला होता.

हे खोटे पैसे झाले. चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या, फोनवरूनच मी एक अट लिहिली: शेवटच्या खऱ्या जागेपासून अचानक फार लांबची जागा आली तर ती खोटी समज, फेकून दे. तिथूनच वर चढवलं. ज्यांनी कधी फोनच्या कीबोर्डवर कोड लिहून, न तपासता, थेट चालू साइटवर टाकलाय, त्यांना पुढचं सांगायला नको.

पसरणीचा घाट. पायथ्याला पसरणी, शाहीर साबळ्यांचं गाव. इथून पाचगणीपर्यंत तेरा किलोमीटर आणि साडेपाचशे-सहाशे मीटरची चढण. हा घाट सायकलवाल्यांना आवडतो कारण तो अंगावर येत नाही, एकाच मापाने चढत राहतो. एक लय सापडली की गिअर बदलावा लागत नाही. खाली वाईचं खोरं, धोम धरणाचं पाणी, उसाचे तुकडे. वळण घेतलं की तेच खोरं उजवीकडे, पुढच्या वळणाला डावीकडे. काका सगळ्यांत मागे, पण थांबले एकदाही नाहीत. मावसभाऊ तीनदा पुढे गेला आणि तीनदा आम्हाला पाणी पाजायला खाली आला. तरुणपण म्हणजे असला निव्वळ माज.

वर पोचून हिशेब जुळवला. काकांचा मीटर १३.२ सांगत होता, माझ्या फोनमधली नोंद १०.१.

मी आधी काकांच्या खडूवर संशय घेतला, हे कबूल करतो. मग लक्षात आलं. पाच मिनिटांनी एकदा जागा टिपायची आणि दोन जागांमधलं अंतर सरळ रेषेत मोजायचं, असं माझं गणित. हायवेवर ते खपून गेलं. घाटात पाच मिनिटांत आम्ही जेमतेम अर्धा किलोमीटर जायचो, पण त्यात दोन वळणं असायची. माझा प्रोग्राम मात्र डोंगरातून आरपार सरळ जायचा. तीन किलोमीटर चढ पचवला होता त्याने, आणि तोही घामाचा.

"म्हणजे झोपेतलं धरलं आणि चढावरचं खाल्लं," काका म्हणाले. "आमच्या डेपोत असा एक कारकून होता."

पाचगणीत न रमता पुढे भिलारला वळलो. ४ मे २०१७ पासून हे 'पुस्तकांचं गाव' आहे. वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून कल्पना घेतलेली, पण तिथे दुकानं आहेत, इथे घरं. कुणाच्या ओसरीत कथा, कुणाकडे कविता, कुणाकडे इतिहास, कुणाच्या लॉजमध्ये बालसाहित्य. सुरुवात पंचवीस ठिकाणांनी झाली. जायचं, बसायचं, वाचायचं. कुणी पैसे मागत नाही. आम्ही घामेजलेल्या कपड्यांत एका घरापुढे घुटमळलो, तर आतून आजी म्हणाल्या, "या की, पुस्तकं काय विटाळतात व्हय?" सतरंजीवर बसलो. शेजारच्या वाफ्यात स्ट्रॉबेरी लाल व्हायला लागलेली. काकांनी एक प्रवासाचं पुस्तक उघडलं आणि दीडेक तास माणूस गायब. मावसभाऊ, जो फोनबाहेर काही वाचत नाही असा त्याच्या आईचा दावा आहे, तो भुताच्या गोष्टींत पालथा पडला होता.

मी आजींना विचारलं, पुस्तकं जातात का हो? "जातात एखादं-दुसरं. कुणीतरी वाचतच असंल ना," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

शाळेतलं कुलूपबंद कपाट माझ्या डोक्यातून जाईना. बाईंना फोन लावला, भिलारचं सांगितलं. बाई जरा थांबून म्हणाल्या, "किल्ली हरवली म्हणून कळवू का वर?"

तेवढ्यात मावशी. "तुम्ही अजून नदीतच आहात."

अट मी लिहिली होती 'शेवटच्या खऱ्या जागेपासून' अशी. पण अट चालू झाली त्या क्षणी शेवटची नोंदलेली जागा कुठली, तर कृष्णेच्या पात्रातली. तिच्यापासून पसरणी लांब, पाचगणी लांब, भिलार लांब. सगळं खोटं ठरवून माझ्या प्रोग्रामने फेकून दिलं होतं. जगात खरी एकच जागा, नदी.

दुरुस्त करायला दहा मिनिटं पुरली असती. मी नकाशाच काढून टाकला. पानावर एकच ओळ ठेवली: आजचा आकडा, काकांच्या मीटरवरून. रोज संध्याकाळी हाताने बदलायची. साधं एचटीएमएल, १९९८ मध्येही चाललं असतं.

मीटर: दिवसाचे २२.

दिवस तिसरा, गुरुवार: भिलार ते सातारा

महाबळेश्वरच्या बाजारातून शिट्टी वाजवत पार झालो, थांबलो नाही. पॉइंट बघायला गाडीने यावं. केळघरचा घाट सगळा उतार, पण रस्ता कुठे गुळगुळीत आणि कुठे उखडलेला, त्यामुळे बोटं ब्रेकवरच. खाली पोचलो तर काकांच्या मागच्या चाकाचे ब्रेक पॅड संपलेले. मेढ्यात एका सायकल दुकानात साध्या सायकलचे पॅड मिळाले, दुकानदाराने कानशीने घासून बसवले, आणि पैसे घेतले ते ऐकून काकांनी दुप्पट दिले. कण्हेर धरणाच्या पाण्याकडेने साताऱ्यात दुपारीच पोचलो, बहात्तर किलोमीटर, काहीही घडलं नाही. असे दिवस लिहायला वाईट असतात.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या समाधीला गेलो. रयत शिक्षण संस्था १९१९ ची, साताऱ्यातलं वसतिगृह १९२४ चं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मी त्या वेळी मनात आमची रक्कम घोळवत होतो, ते थांबवलं.

संध्याकाळी लॉजवर कंदी पेढे खात पावत्या करायला बसलो, तर एका निवृत्त गुरुजींचा निरोप: 'तुमचे पान माझे पैसे आकडा नाही असे म्हणते.' गुरुजींनी रकमेच्या चौकटीत १००१ लिहिलं होतं, देवनागरी आकड्यांत. मराठी पान, मराठी माणूस, मराठी शाळा. त्यांनी आणखी कसं लिहायचं? पण जावास्क्रिप्टला, म्हणजे पान ज्या भाषेत लिहिलं तिला, इंग्रजी शून्य कळतं, युनिकोडच्या यादीत त्याचा क्रमांक ४८. देवनागरी शून्याचा २४०६. ते त्याच्या लेखी अक्षर, आकडा नव्हेच. उपाय एका ओळीचा: प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा करा. एवढी ओळ लिहायला मला बारा वर्षांच्या नोकरीत कधी गरज पडली नाही, याची लाज वाटली.

पावत्यांचं वेगळंच. पीडीएफ बनवणारी जी तयार कोडची लायब्ररी घेतली होती तिला देवनागरीची जोडणी येत नव्हती. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न बसता नंतर पडायची, जोडाक्षराचे पाय मोडायचे. 'शक्ती' नावाच्या बाईंची पावती बघवत नव्हती. शेवटी पीडीएफचा नाद सोडून ब्राउझरमधूनच छापायचं ठरवलं. ब्राउझरला हे सगळं येतं.

दिवस चौथा, शुक्रवार: सातारा ते पुणे

हायवेने परतायचं नव्हतं, बोगद्यात सायकल घालायची माझी छाती नाही. म्हणून पहाटे चारला निघून वाठार, सालपे, लोणंद असा रस्ता धरला. वाठारपर्यंत बोटं बधिर, सालप्याच्या उतारावर डोळ्यांतून पाणी. लोणंदला कांद्याच्या गाड्यांची रांग आणि गरम भजी. इथून पुढे आम्ही माउलींच्या पालखीच्या वाटेवर, पण उलटे. वारीत नीरा नदीत पादुकांना स्नान घालतात त्या पुलावर काका उतरले आणि सायकल हातात धरून चालत गेले. का ते विचारलं नाही.

वाल्ह्यानंतर वारा समोरून आला. चढ परवडतो, चढाला शेवट असतो. वाऱ्यात मान खाली घालून जेजुरीच्या गडाकडे बघतोय, तर तासभर गड तेवढाच लांब.

शाळेत अडीचला पोचलो. त्रेचाळीस मुलं पटांगणात ओळीने उभी, लेझीम तयार, बाई दारात. लेझीम झालं, टाळ्या झाल्या. मग पहिलीतली एक मुलगी माझ्या सायकलभोवती फेरी मारून आली, मागे वाकून पाहिलं आणि बाईंना म्हणाली, "पुस्तकं कुठंयत?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. टेम्पो, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण ऐकू आलं.

काकांनी पॅनियर, म्हणजे मागच्या कॅरिअरची पिशवी, उघडली. साताऱ्याच्या बाजारातून रात्री, मी पावत्यांशी झटत असताना, ते चार पुस्तकं घेऊन आले होते. तीन गोष्टींची, एक तारे-ग्रहांचं. बाईंनी लगेच दाखल रजिस्टर काढून नोंद केली आणि पुस्तकं कपाटात न ठेवता व्हरांड्यातल्या बाकावर मांडली. कपाट उघडंच होतं. किल्लीचं कुणी विचारलं नाही.

मग बाईंनी दुसरी वही काढली. शंभर पानी, निळ्या रेघांची. पासबुकातली प्रत्येक रक्कम तारखेसकट उतरवलेली, ज्याचं नाव कळलं त्याचं नाव, ज्याचं नाही त्याच्यापुढे फोन करून विचारलेलं. माझ्या पानाच्या हिशेबाने ३२७ किलोमीटरला, किलोमीटरमागे सगळ्यांचे मिळून ११८ रुपये धरून, ३८,५८६ यायला हवे होते. वहीत ५२,७४९ होते. किलोमीटर कुणी मोजलेच नव्हते. ५०१, १००१, एकाने ११, दोघांनी आम्ही निघायच्या आधीच. गुरुजींचे १००१ त्यांनी थेट बँकेत जाऊन भरलेले.

सासवड सोडताना अंधार पडला. दिवे घाटाच्या माथ्यावर क्षणभर उभे राहिलो. खाली हडपसरचे दिवे, मस्तानी तलाव नुसता काळा डाग. दिवे लावले, ब्रेक चाचपले, काका पुढे, मी मधे. घाट उतरून पायथ्याला चहा घेत होतो तर मावशी.

"कुठे आहात?"

"दिवे घाट उतरलो. तासाभरात घरी."

"मग हे नदीत कोण आहे?"

नकाशा मी बुधवारीच काढला होता. पण नेटवर्क नसताना पान दिसावं म्हणून मीच मोठ्या हौसेने सर्व्हिस वर्कर लावला होता, आणि मावशीच्या फोनने जुनं पान जपून ठेवलं होतं. तिच्यापुरते आम्ही तीन दिवस कृष्णेतच होतो.

"मावशी, ते पान बंद करून पुन्हा उघड."

"नको," ती म्हणाली. "आधी घरी या, मग बंद करते."